वासोट्याच्या एका दिवसाचं वेळापत्रक

दिवाळी उलटली की कुणी ना कुणी कागद-पेन घेऊन माझ्याकडे येतं. जुने विद्यार्थी, त्यांची मुलं, कधी शेजारच्या सोसायटीतली मंडळी. साताऱ्यात इतिहास शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि डोंगर हा त्या नोकरीचाच भाग असं मी मानत आले, हे सगळ्यांना माहीत आहे. पहिला प्रश्न ठरलेला असतो : "बाई, वासोट्याला किती वाजता निघायचं?" मी उलट विचारते, "परत किती वाजता यायचं ते ठरवलंय का?"

वासोट्याचा बेत शेवटाकडून आखावा लागतो. दिवस मावळायच्या आत होडी बामणोलीच्या काठाला लागली पाहिजे. म्हणजे साडेचारच्या सुमाराला मेट इंदवलीच्या काठावरून ती सुटली पाहिजे. म्हणजे दोनच्या आत गडावरून उतरायला लागायचं, आणि गडावर दीड-दोन तास हवे असतील तर बाराच्या आत माथा गाठायचा. चढायला दोन ते अडीच तास. त्याआधी होडीत तास-सव्वा तास, त्याआधी बामणोलीला वनखात्याची परवानगी, ओळखपत्रं, बरोबरच्या प्लास्टिकची मोजदाद. असं मागं मागं सरकत गेलं की साताऱ्यातून पहाटे पाचला निघावं लागतं, हे उत्तर आपोआप निघतं.

मुलं वेळा उतरवून घेतात आणि उठायला लागतात. मी त्यांना बसवून ठेवते. या वेळापत्रकातली एकही ओळ डोंगराने घालून दिलेली नाही. होडी का लागते, परवानगी का लागते, रात्र का काढता येत नाही, वाटेत चहाची टपरी का नाही, या प्रत्येक 'का'मागे कुणीतरी माणसं आहेत, काही राज्य करणारी आणि काही घर सोडून गेलेली. ती माहीत नसतील तर वासोटा म्हणजे घाम काढणारी एक चढण आणि वर फोटो काढायला एक कडा, एवढंच उरतं.

रस्त्यापासून सुरुवात करू. साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून कासच्या पठारावरून आपण जातो. हे पठार आता सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलांमुळे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झालं आहे. सातारकरांना ते त्याआधीपासून माहीत होतं ते कासच्या तलावामुळे. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या या तलावाचं पाणी शहराने पिढ्यान्‌पिढ्या प्यायलं आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या काही जागा जागतिक वारसा म्हणून नोंदल्या. त्यात महाराष्ट्रातल्या चार आहेत : कास, कोयना अभयारण्य, चांदोली आणि राधानगरी. पैकी दोन तुम्ही या एका दिवसात ओलांडता. पठार संपलं की रस्ता कोयनेच्या खोऱ्यात उतरतो, आणि वळणावळणावर खाली पाण्याचा लांब निळा पट्टा दिसायला लागतो. पहिल्यांदा येणारे त्याला नदी म्हणतात. तो शिवसागर जलाशय आहे.

जलाशय होण्याआधी इथे खरोखरच नदी होती. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहते. तिच्या दोन्ही काठांना भाताची खाचरं, वरच्या उतारांवर नाचणी-वरी, आणखी वर धनगरांचे वाडे, असं हे सगळं जावळीचं खोरं होतं. तेव्हा वासोट्याला जायचं तर साताऱ्याहून कासमार्गे उतरायचं, नदी ओलांडायची आणि गावागावांतून चालत गडाच्या पायथ्याला यायचं. एका दिवसात जाऊन परतण्याची गोष्ट नव्हती. मुक्काम लागायचा, आणि मुक्कामाला घरं होती. वाट चुकलीच तर विचारायला गुराखी होते.

१९५४ च्या सुमाराला खाली हेळवाकजवळ धरणाचं काम सुरू झालं. १९६१-६२ मध्ये पाणी अडू लागलं आणि १९६२ मध्ये वीज तयार होऊ लागली. १०३ मीटर उंचीची ती भिंत आणि तिच्यामागे पन्नासएक किलोमीटर लांब पसरलेलं पाणी. तलावाच्या पूर्ण पातळीचा आकडा, समुद्रसपाटीपासून २१६३ फूट सहा इंच, इथल्या माणसांना तोंडपाठ असतो, कारण पावसाळ्यात वर्तमानपत्रं रोज त्याच्याशी तुलना करून पाणी किती चढलं ते छापतात. या प्रकल्पाची गंमत अशी की नदीच्या वाटेने पूर्वेला जायचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला नेऊन कोकणात, पोफळीच्या बाजूला, शेकडो मीटर खाली सोडलं जातं. तिथे जनित्रं फिरतात आणि पुढे ते पाणी वाशिष्ठीला मिळतं. शेकडो वर्षं बैल आणि माणसं ज्या उतारांवरून घाटावरचा माल कोकणात नेत होती, त्याच कड्यांखालून आता पाणी उतरतं. महाराष्ट्राच्या कारखान्यांना आणि मुंबईला याच खोऱ्याने वीज पुरवली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसं गेली. धरणाच्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध काय, याचा अभ्यास जगभरचे शास्त्रज्ञ आजही इथे येऊन करतात. आमच्या पिढीच्या घराघरांत त्या पहाटेची आठवण सांगितली जाते.

धरणाखाली शंभराच्या आसपास गावं बाधित झाली. कुणाची जमीन गेली, कुणाचं घर, कुणाचं दोन्ही. ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशा लांबलांबच्या जिल्ह्यांत माणसं पाठवली गेली. डोंगरात नाचणी पिकवणाऱ्याला सोलापूरची काळी कोरडी जमीन दाखवली, तर तो काय करणार? बरेच जण परत आले आणि वरच्या उतारांवर राहू लागले. लक्षात घ्या, महाराष्ट्राचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ चा. कोयनेची माणसं उठली तेव्हा तो कायदा जन्मायला पंधराएक वर्षं होती. म्हणून साठ वर्षं उलटली तरी कोयनानगरला, साताऱ्याला कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांची धरणी-मोर्चे होतात. वाचणाऱ्याला ती बातमी जुनी वाटते. ज्याला अजून सातबारा मिळायचा आहे, त्याला ती ताजीच असते.

तेव्हा बामणोलीला होडीत बसलात की एक गोष्ट ध्यानात धरा. वासोटा एका दिवसात होतो, तो या पाण्यामुळे. पाण्याने जुनी पायवाट बुडवली आणि तिच्यावरून लाँचची वाट काढली. गडाची उंची काही कमी झाली नाही, पायथा मात्र वर आला. आज जलाशयाच्या काठापासून माथ्यापर्यंत साधारण पाचशे मीटर चढावं लागतं, गडाची समुद्रसपाटीपासूनची उंची ११७० मीटरच्या घरात आहे. ज्याला आपण 'मध्यम श्रेणीचा एकदिवसीय ट्रेक' म्हणतो, त्यातलं 'मध्यम' आणि 'एकदिवसीय' ही दोन्ही विशेषणं धरणाने बहाल केलेली आहेत.

होडी चालवणारी बरीच मंडळी याच खोऱ्यातली. त्यातल्या एका म्हाताऱ्या नावाड्याशी माझी ओळख आहे. मुलांना घेऊन गेले की ते इंजिनाच्या आवाजावर ओरडून पाण्याखालची गावं दाखवत जातात. "बाई, ह्या टेकाडाच्या खाली आमची देवराई. आन् त्ये झाड दिसतंय का, त्याच्या अलीकडं चावडी." मुलं पाण्याकडे बघतात, त्यांना लाटांखेरीज काही दिसत नाही. मे महिन्यात पाणी उतरलं की काही ठिकाणी देवळांचे चौथरे आणि बांध उघडे पडतात. पण मे महिन्यात मी कुणाला वासोट्याला जा म्हणत नाही. उन्हाने शेवटचा टप्पा तापतो, आणि ओढे आटलेले असतात.

पाऊणएक तासाने पाणी अरुंद होतं, दोन्हीकडची झाडी जवळ येते आणि शेवटी होडी मेट इंदवलीला टेकते. मेट म्हणजे गडाच्या पायथ्याची चौकी. किल्ल्याची राखण करणारे लोक मेटांवर राहत, वर जाणाऱ्या-येणाऱ्यांवर नजर ठेवत, आणि त्या बदल्यात जमीन करत. अशा चौकीभोवतीच हे गाव वाढलं. आधी पाण्याने शेती गेली, नंतर अभयारण्याची हद्द आली, आणि या दोहोंमध्ये गाव उठलं. आता तिथे वनखात्याची चौकी आहे. इथे पुन्हा नावं नोंदवायची. म्हणजे काम तेच राहिलं, फक्त राखणदार बदलले.

चौकी ओलांडून रानात शिरलात की वाटेच्या कडेला पाहा. घरांची जोती दिसतील. दगडी बांधांच्या ओळी दिसतील, त्या निसर्गाने रचलेल्या नाहीत. एखादं आंब्याचं झाड असं सरळ रेषेत उभं असेल की ते कुणीतरी लावलंय हे सांगावं लागणार नाही. पुढे ओढा लागतो, तिथे मारुती आणि गणपतीच्या मूर्ती आहेत. गावाचे लोक गेले, देव राहिले, आणि आज त्यांना शेंदूर लागतो तो बहुधा वाटसरूंच्या आणि वाटाड्यांच्या हातचा.

पाण्याच्या बाटल्या इथे तपासायच्या. माणशी तीन लिटर असावं. पुढची चढण जवळजवळ सगळी दाट झाडीतून आहे. ऊन लागत नाही, पण वाराही लागत नाही, त्यामुळे घाम फार जातो. जांभूळ, हिरडा, अंजनी आणि त्यांच्याखाली कारवीची गर्दी. वर कुठेतरी शेकरू ओरडतं. रान इतकं दाट की तासभर चालूनही आपण किती चढलो याचा अंदाज येत नाही. ज्यांना दर दहा मिनिटांनी देखावा लागतो, ते इथे कंटाळतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पायघोळ विजार, घट्ट बूट. पावसाळा नुकताच संपला असेल तर जळवा असतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर गोचिडी. गवा दिसला तर थांबायचं, आवाज करायचा नाही, त्याला वाट द्यायची. अस्वलाच्या रानात एकट्याने पुढे पळायचं नाही. ही भीती घालण्यासाठी सांगत नाही. हे त्यांचं घर आहे आणि घरात शिरताना पाळायच्या या रीती आहेत.

चढताना एक फाटा लागतो. एक वाट गडाकडे जाते, दुसरी नागेश्वराकडे. नागेश्वर ही कड्यातली गुहा, आत शिवलिंग. महाशिवरात्रीला घाटावरचे आणि कोकणातले, दोन्हीकडचे लोक तिथे जमतात. कोकणातून यायचं तर खेड तालुक्यातल्या चोरवणे गावातून उभा कडा चढून यावं लागतं. किल्ला बांधला जायच्याही आधी इथल्या डोंगरवाटांवरून लोक ये-जा करत असावेत, असं मला वाटतं. देव, बाजार आणि सोयरीक या तीन कारणांनी माणूस कुठलाही घाट चढतो. पण एका दिवसात गड आणि नागेश्वर दोन्ही करायचा हट्ट धरू नका. पाय चांगले असतील तरी घड्याळ साथ देत नाही.

फाट्यानंतर झाडी विरळ होत जाते आणि खडकात खोदलेल्या पायऱ्या लागतात. पडके दरवाजे ओलांडले की आपण गडावर. समोर मारुतीचं देऊळ, त्याला छप्पर नाही. पुढे वाड्याची जोती, महादेवाचं देऊळ, खडकात खोदलेली पाण्याची टाकी, चुन्याचा घाणा. आणि पश्चिमेला बाबूकडा. कड्याच्या काठावरून कोकण असं सरळ खाली पडलेलं दिसतं की मुलं आपोआप चार पावलं मागे सरकतात. हवा स्वच्छ असेल तर रसाळगड, सुमारगड, महिपतगड ओळीने दिसतात, आणि चकदेवचा डोंगरही. डबे इथे उघडायचे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी, गूळ. कागद, साल, पिशवी, सगळं परत पिशवीत. खाली मोजणारा माणूस बसलेला असतो.

डबे संपले की मी गोष्ट सांगते. या गडावर लढायांपेक्षा कैदेच्या गोष्टी जास्त आहेत.

परंपरा गडाचं बांधकाम पन्हाळ्याच्या शिलाहार राजांकडे नेते. शिवकाळाआधी खोरं जावळीच्या मोऱ्यांचं. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, पण वासोटा हाती आला तो १६६० मध्ये, आणि तोही महाराज स्वतः सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळ्यावर अडकलेले असताना. राजा कोंडलेला आणि त्याची माणसं तिकडे नवा गड घेतात, हा प्रसंग मी वर्गात नेहमी सांगायचे. राज्य एका माणसावर उभं नव्हतं, हे त्यातून मुलांना चटकन कळतं. त्याच वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी जौहरला तोफा आणि दारूगोळा पुरवला होता. त्याचा जाब म्हणून १६६१ मध्ये महाराजांनी त्यांची राजापूरची वखार लुटली आणि व्यापारी कैद केले. त्या कैद्यांना ठेवलेल्या गडांमध्ये वासोट्याचं नाव येतं.

कैदखाना म्हणून ही जागा कुणी निवडली असेल, त्याला डोंगर कळत होता. पश्चिमेला कडा, बाकी तिन्ही बाजूंना रान. कैद्याला पळून जायला भिंत चढायची गरज नव्हती. भिंत चढली तरी पुढे जायचं कुठे, हा प्रश्न होता. बेड्यांचं काम अर्धंअधिक जंगलच करत होतं.

त्यानंतर दीडशे वर्षांनी इथे ताई तेलीण आली. औंधचे पंतप्रतिनिधी परशुराम श्रीनिवास यांच्याशी तिचं नातं होतं. लग्नाचं नव्हतं, म्हणून बखरकारांनी आणि गॅझेटियरवाल्यांनी तिचं नाव जातीवरूनच लिहून ठेवलं. प्रतिनिधींचं घरात आणि कारभाऱ्यांशी बिनसलं. दुसऱ्या बाजीरावाने बापू गोखल्यांकरवी त्यांना मसूरला अडकवून ठेवलं. १८०६ च्या सुमाराची ही गोष्ट. ताईने वासोटा ताब्यात घेतला, माणसं जमवली, मसूरवर चालून गेली आणि प्रतिनिधींना सोडवलं. पुढे वसंतगडाजवळ बापू गोखल्यांशी लढाई झाली. त्यात प्रतिनिधींचा हात गेला, ते पकडले गेले आणि इतिहासात 'थोटे पंत' म्हणून राहिले. ताई मात्र हटली नाही. ती वासोट्यावर चढली आणि पेशव्यांच्या नामांकित सेनापतीशी आठ महिने गड लढवत राहिली. शेवटी गडावरच्या धान्याच्या कोठाराला आग लागली आणि तिला गड सोडावा लागला. तिच्यावरचं एक छोटं कवन साताऱ्यात अजून लोकांच्या तोंडी आहे.

मुली ही गोष्ट ऐकून गप्प होतात आणि मग विचारतात, "बाई, आपल्या पुस्तकात का नाही ही?" मी म्हणते, पुस्तक लिहिणाऱ्यांना विचारा. माझ्या मते या गडाची खरी किल्लेदार तीच. बाकीच्यांनी हा गड दुसऱ्याला कोंडायला वापरला, हिने एका माणसाला सोडवून मग स्वतःच्या मर्जीने इथे पाय रोवले.

तिसरी गोष्ट १८१८ ची. इंग्रजांशी युद्ध जुंपायच्या वेळी बाजीरावाने सातारचे छत्रपती प्रतापसिंह आणि त्यांच्या कुटुंबाला वासोट्यावर नेऊन ठेवलं. राजा इंग्रजांच्या हाती लागू नये, हा हेतू. पुढे त्याने महाराजांना बरोबर घेऊन पळापळ केली. कुटुंबातल्या काही स्त्रिया गडावरच राहिल्या. शिवाय पुण्याच्या वाटेवर पकडलेले हंटर आणि मॉरिसन हे दोन तरुण इंग्रज अधिकारीही इथे कैदेत होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि प्रतापसिंह महाराज इंग्रजांकडे गेले. त्यानंतर जनरल प्रिट्झलर फौज घेऊन या रानात शिरला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याने समोरच्या जुन्या वासोट्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या आणि तिथून गडावर गोळे टाकले. भडिमार फार काळ चालवावा लागला नाही. किल्ला खाली झाला, कैदी सुटले, आणि त्याच महिन्यात प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवर बसवलं.

हा जुना वासोटा बाबूकड्यावरून समोरच दिसतो. त्याच्याकडे बोट दाखवून मी मुलांना विचारते, "बापू गोखल्यांना आठ महिने लागले, प्रिट्झलरचं काम इतक्या लवकर कसं झालं?" उत्तर डोळ्यांसमोर उभं असतं. गडापेक्षा मोक्याची जागा शेजारी, आणि तिथवर जड तोफ नेण्याची ताकद ज्याच्याकडे, त्याच्यापुढे अरण्याची तटबंदी फोल. सह्याद्रीतल्या बहुतेक गडांचं दुर्गपण त्या एका वर्षात, १८१८ मध्ये, असंच संपलं. आज जुन्या वासोट्याकडची वाट मोडून गेली आहे. तिकडे जायचा विचारही करू नका.

१८१८ नंतर गड ओस पडला. खालचं खोरं पडलं नाही. गावं होती, शेती होती, चोरवण्याच्या वाटेने कोकणाशी ये-जा होती. ते खोरं ओस पडलं ते आपल्या स्वातंत्र्यानंतर, धरणाने. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य जाहीर झालं. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याचं क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटर आहे. गडाचं दुसरं नाव व्याघ्रगड, आणि आता तो खरोखरच व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात येतो. गडावर मुक्काम बंद झाला, पावसाळ्यात प्रवेश बंद, संध्याकाळच्या आत माणसाने बाहेर पडायचं. सगळे नियम योग्य आहेत. मी स्वतः ते पाळते आणि न पाळणाऱ्या मंडळींना पुन्हा बरोबर नेत नाही.

पण एक समज मला पटत नाही. गडावरून खाली बघताना हमखास कुणीतरी म्हणतं, "काय हे अस्पर्श जंगल!" अस्पर्श कसलं? काठालगतचं जे रान आपण तुडवत आलो, त्यातलं बरंचसं माझ्या वयाचं आहे. तिथे नाचणीची शेतं होती, गोठे होते, पोरांचा कलकलाट होता. माणसं काढली म्हणून रान वाढलं. ते वाढलं हे चांगलंच झालं. सह्याद्रीत अशी सलग झाडी आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे, आणि तिच्यावर कोयना-कृष्णेचं पाणी अवलंबून आहे. परंतु त्याची किंमत ज्यांनी भरली त्यांचं नाव कुठल्याही पाटीवर नाही. पाटीवर शिलाहार आहेत, शिवाजी महाराज आहेत, वाघ आहे, गवा आहे. मेट इंदवलीचा शेतकरी तेवढा नाही.

इतिहास शिकवणारीला हे खटकतं, कारण किल्ल्यांचा इतिहास आपण किल्लेदारांचा करून ठेवला आहे. गड उभा राहतो तो पायथ्याच्या गावांवर. धान्य तिथून वर जातं, राखणीला माणसं तिथून येतात, वेढा पडला की घरं आधी त्यांची जळतात. वासोट्याच्या प्रत्येक वेढ्यात ही माणसं होती आणि कुठल्याच कागदात त्यांची नावं आलेली नाहीत. मग विसाव्या शतकात कागदात नावं आली, ती विस्थापितांच्या यादीत.

म्हणून माझ्याकडून वेळापत्रक उतरवून नेणाऱ्यांना मी त्यात एक ओळ घालायला लावते. उतरताना दोनला निघालात तर पावणेचारच्या सुमाराला खाली पोचता आणि होडी सुटायला अर्धा-पाऊण तास असतो. तो वेळ बाटल्या भरण्यात आणि फोटो पाठवायला रेंज शोधण्यात घालवू नका, रेंज तशीही मिळत नाही. जोत्यांपाशी थांबा. एक घर केवढं होतं ते पावलांनी मोजा. उंबरा कुठे असेल, पाणी कुठून आणत असतील, याचा अंदाज मुलांना करू द्या. आणि परतीच्या होडीत नावाड्याला त्याच्या गावाचं नाव विचारा. ते पाण्याखालचं निघालं तर घरी आल्यावर लिहून ठेवा.

चढण मध्यम आहे, दहा-बारा वर्षांच्या पोरापासून साठीतल्या धडधाकट माणसापर्यंत कुणालाही जमेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. निघण्याआधी बामणोलीच्या वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करा, कारण नियम आणि शुल्क बदलत असतात. आणि बेताच्या कागदावर 'ठिकाणं' असं जिथे लिहाल, तिथे पहिलं नाव मेट इंदवलीचं लिहा, वासोट्याचं त्याच्या खाली.